लहानपणापासून ओळखतो

गेवराई,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

श्री. आतिफ पाशा शेख यांस,
स. न. वि. वि.

घरी सर्वांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. अजमत चाचींचे गुडघे आता कसे आहेत? परवा त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं, विचारावं म्हटलं, पण गल्लीतून गाडी आली आणि विचारायचं राहिलं. आमच्याकडे सर्व ठीक. कॉलेज सुरू झालं. अकरावीचा वर्ग भरला आहे, प्रयोगशाळेतले निम्मे व्होल्टमीटर बंद आहेत, आणि मी गेली वीस वर्षं जे भौतिकशास्त्र शिकवतो तेच शिकवतो आहे.

"तुम्ही" लिहिताना हात जरा अडखळला. पण तुम्ही दुकानात मला "सर, या" म्हणता, तेव्हा मी तरी दुसरं काय लिहू?

पत्राची कारणं दोन. पहिलं, आभार. सोमवारी आमच्या करिष्माच्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यातले अंमलदार घरी आले. त्यांना गल्लीतले दोन साक्षीदार हवे होते. गिरणीवाले अजिनाथ एक झाले. दुसऱ्यासाठी अंमलदारांनी मला न विचारता तुम्हाला फोन लावला. अर्ध्या तालुक्याचे अर्ज तुमच्या दुकानात भरले जातात, त्यामुळे ते तुम्हाला ओळखतात. तुम्ही आलात, सही केलीत, आणि चहा न घेता गेलात. शिवकन्येनं कप भरून ठेवला होता. आमच्या दोन घरांमध्ये फक्त चार घरं आहेत, तरी त्या दिवशी तुम्ही आमच्या उंबऱ्याच्या आत किती वर्षांनी आलात, हे मी इथं लिहीत नाही.

दुसरं कारण करिष्मा. तिचं पुण्यातलं इंजिनिअरिंग संपलं आणि आता तिला संगणकशास्त्रात पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या पाटीवर "झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म" एवढंच लिहिलेलं असलं, तरी तालुक्यातली अकरा मुलं तुम्ही आजवर बाहेर धाडलीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या घरात महिनाभर हाच विषय. शिवकन्येचं म्हणणं, जिथं आपली माणसं आहेत तिथं जावं. तिच्या माहेरचा एक मुलगा कॅनडात आहे.

"आई, कॅनडाचे नियम दर सहा महिन्यांनी बदलतात. मी पोचेपर्यंत दार लावून घेतील."

"मग अमेरिका? सगळे तिथंच तर जातात."

"तिथं शिकता येतं. पुढं राहायला मिळेल की नाही त्याची चिठ्ठी काढतात. निघाली तर निघाली."

"जत्रंतल्यावानी?"

"तसंच."

ऑस्ट्रेलिया आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे तिनंच आधी खोडून टाकलं. राहिले दोन देश, आयर्लंड आणि जर्मनी. आयर्लंडला वर्षाचा अभ्यासक्रम, इंग्रजी भाषा, नंतर नोकरी शोधायला दोन वर्षं. जर्मनीला सरकारी विद्यापीठात फी नाहीच म्हणावी इतकी, पण दोन वर्षांचा अभ्यास, नोकरी शोधायला दीड वर्ष, आणि ती भाषा. मी एकदा सहज विचारलं, "आणि शिकून झाल्यावर परत यायला कुठून सोपं?" ती म्हणाली, "बाबा, परतच यायचं असतं तर पुण्यातच नोकरी धरली असती."

माझी विनंती अशी की तुम्ही तिला आयर्लंड सुचवावं. भाषेचा प्रश्न मोठा आहे. नुसत्या पदवीवर तिथं कोण विचारतं? चार माणसांत बोलता आलं नाही तर हुशार मुलगीसुद्धा मुकी होते. तुमचा शब्द ती मानते, माझा मानत नाही. रोज संध्याकाळी तुमच्याकडून जर्मन शिकून येते आणि आई भाकरी थापत असताना आकडे म्हणून दाखवते. "त्स्वाय", म्हणजे दोन, म्हणताना जीभ दातांवर अडकवून ठेवते. ही लकब तिला कुठून लागली हे मला वेगळं सांगायला नको.

आपणही एके काळी जर्मनीचं मनात आणलं होतं. ते राहून गेलं. माझ्या वडिलांनी परवानगी दिली नाही, तुमच्या पासपोर्टचं काही जमलं नाही. तरुणपणी असं होतं. त्याचा इथं संबंध नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
प. रा. चाळक


गेवराई,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय आतिफ,

मागचं पत्र टाकायला पोस्टात गेलो तेव्हा भारत पोस्टमननं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. "सर, चार घरं सोडून तर हाय. जाता जाता टाकलं असतं की दारातून." मी म्हटलं, "शिक्का मारून जाऊ दे." तो म्हणाला, "मारतो. पन आदी बीडला जाईल, मग हितं परत यील." हे त्यानं चेष्टेनं सांगितलं की खरंच तसं होतं, मला माहीत नाही. तुझ्यापर्यंत पोचायला पत्राला बीडला जाऊन यावं लागत असेल तर ते बरोबरच आहे.

तुझं उत्तर बुधवारी करिष्माच्या हाती मिळालं. तू मला पत्र लिहिलंच नाहीस. छापलेला एकच कागद. चार देश, चार रकाने, कुठं किती वर्षं, भाषा कोणती, शिकून झाल्यावर किती दिवस राहू देतात, कायमचं राहायला काय लागतं. एवढं स्वच्छ कुणी वर्गातसुद्धा लिहून देत नाही. आणि खाली पेननं एक ओळ: "राहायचं कुठं ते जिला राहायचं तिनं ठरवावं."

हस्ताक्षर अजून तेच आहे. "ठ" ची पाठ मोडलेली.

मी ती ओळ वाचत होतो, तेवढ्यात करिष्मानं विचारलं, "बाबा, आतिफ चाचांना एवढं सगळं माहीत आहे. त्यांचं जर्मन माझ्या पुण्यातल्या क्लासच्या बाईंपेक्षा चांगलं आहे. मग ते का नाही गेले?"

"त्यांना विचारायचं."

"विचारलं. ते म्हणाले, तुज्या बापाला इचार."

मी तिला म्हटलं, जेवण झाल्यावर सांगतो. जेवण झाल्यावर म्हटलं, उद्या सांगतो. आज चार दिवस झाले.

म्हणून हे पत्र. आणि म्हणून "तू". तुला "तुम्ही" म्हणत ही गोष्ट सांगता येणार नाही.

आपलं बलभीम कॉलेज आठवत नाही इतकं बीडचं ग्रंथालय आठवतं मला. तिथल्या वर्तमानपत्रात तुला बातमी सापडली होती की जर्मनीत शिकायला फी लागत नाही. आपण एसटीनं परत येताना तू ती तीनदा वाचून दाखवलीस. मग कुठून तरी ते जुनं जर्मन शिकायचं पुस्तक आणलंस, ज्याची पहिली वीस पानं नव्हती. तुझे आकडे एकवीसपासून सुरू झाले. एक ते वीस आपण नंतर शिकलो. पाशा चाचांच्या गॅरेजात ट्रॅक्टरखाली झोपून तू पाने मागायचास, तेव्हाही जर्मनमध्ये आकडा सांगायचास, आणि चाचा म्हणायचे, "ह्या दोघास्नी कुणीतरी लांब नेऊन सोडा रे."

२००२ च्या एप्रिलमध्ये तुला प्रवेशाचं पत्र आलं. ऑक्टोबरपर्यंत तिथं हजर व्हायचं होतं. तू लगेच पासपोर्टचा अर्ज भरलास. अर्जात गेल्या वर्षभरात कुठं कुठं राहिलास ते लिहायचं असतं. तू फक्त गेवराई लिहिलंस. मधले पाच महिने तू हैदराबादला मावशीकडं राहून कॉम्प्युटरचा, जावाचा कोर्स केला होतास, ते लिहिलं नाहीस. कुणीच लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातली अर्धी माणसं सहा महिने उसाच्या फडावर असतात आणि कागदावर सगळी गावातच राहतात.

११ जूनला ठाण्यात साक्षीदार म्हणून अजिनाथ आणि मी गेलो. अजिनाथनं सही केली आणि गिरणी उघडायला निघून गेला. मग माझी पाळी आली. हवालदारांनी विचारलं, हा मुलगा मधे कुठं बाहेरगावी होता का? मी म्हटलं, हो, हैदराबादला, पाच महिने. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. एवढंच झालं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. तुझा अर्ज हैदराबादच्या चौकशीला गेला. ऑक्टोबर आला आणि गेला, तरी चौकशी परत आली नाही. दिवाळीत पाशा चाचांची उजवी बाजू गेली. पुढच्या वर्षी पासपोर्ट हातात आला, तेव्हा गॅरेज तू चालवत होतास. तो पासपोर्ट तू कधी वापरला नाहीस, असं ऐकतो.

मी खोटं बोललो नाही, आतिफ. सरकारी माणसानं विचारल्यावर खरं सांगितलं. ही गोष्ट मी तुला त्याच वेळी सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, ही माझी चूक. तू बोलायचा थांबलास, तेव्हा मी समजलो की तुला ठाण्यातून कळलं असावं. मीही थांबलो.

करिष्माला यातलं किती सांगू ते कळव.

तुझा,
परमेश्वर


गेवराई,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आतिफ,

खुशाली विचारत नाही. गुरुवारी तुला पाहिलं, बरा दिसलास.

मला बोनाफाईडची प्रत काढायची होती. खरं म्हणजे नव्हती. कॉलेजात मशिन आहे. तुझ्या दुकानात केसरबाई पेन्शनचा अंगठा देऊन निघत होत्या. त्या गेल्या आणि आपण दोघेच उरलो. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "सर, दुसरं पत्र बी मिळालं. झेरॉक्स काढून ठिवू का? तिसऱ्याला कामाला यील."

मी म्हटलं, "आतिफ, मी जे लिहिलं ते..."

"खरं हाय. म्या कुठं खोटं म्हनलं? तुमी खोटं बोलतच न्हाईत. आख्ख्या गेवराईला म्हाईत हाय." मग तू मशिनचं झाकण लावलंस. "पन सर, एक सांगा. हवालदारानं तुमाला हैदराबादचं इचारलं हुतं का?"

"म्हणजे?"

"त्याची गाडी अब्बाच्या हाताखाली असायची. त्यानंच अब्बाला सांगितलं. म्हनला, पाशाभाई, म्या इचारलं बी न्हाई, तुमच्या पोराचा दोस्तच बोलला. बोलला कावून, त्ये मला बी कळंना." तू काउंटरवरचे फॉर्म सारखे केलेस. मग म्हणालास, "मला बी कळंना. तेवीस साल झाले. म्या काय रोज त्याचाच इचार करत बसलो न्हाई. पन तुमी पत्रात लिवलं, त्यानं इचारलं. म्हनून म्हनलं."

मी विचारलं, "मग करिष्मासाठी सही का केलीस? ती चार वर्षं पुण्याला होस्टेलवर होती. तू अंमलदारांना सांगितलंस, पोरगी हितंच असते, रोज दुकानावरून जाते."

"मंग काय सांगायचं हुतं? पुन्याला हुती म्हनू?" तू हसलास. ते हसणं मला ओळखीचं वाटलं नाही. "तुमच्यावर उपकार म्हनून केलं न्हाई. लेकराचं काम हुतं. सायेबानं इचारलं, वळखता का, म्या म्हनलं, लहानपनापासून. इचार बी केला न्हाई. इचार करायचं काम तुमचं."

मी प्रत न घेताच घरी आलो.

मी रोजनिशी लिहितो हे तुला माहीत आहे. तू त्या वेळी तिला "पंचनामा" म्हणायचास. घरी येऊन ट्रंक उघडली आणि २००२ ची वही काढली. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की हवालदारांनी विचारलं. लिहिताना मला तसंच आठवत होतं, शपथेवर सांगतो. इतकी वर्षं मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्या तोंडचं वाक्यसुद्धा तयार झालं होतं. वहीत ते वाक्य नाही. ११ जूनच्या पानावर जे आहे ते एकही शब्द न बदलता उतरवतो:

"ठाण्यात गेलो. आतिफला ओळखता का विचारले. हो म्हणालो. वर्तणूक चांगली म्हणालो. हवालदारांनी सहीसाठी कागद पुढे केला. मी म्हणालो, वर्षभर इथे राहिला असे यात आहे, पण मधे पाच महिने तो हैदराबादला होता. ते हसले. म्हणाले, 'अहो पाव्हणं, उसतोडीला गेलेला माणूस बी म्या गावातच हाय म्हनून लिवतो. तुमी बोललातच कावून? लिवू का हे?' मी म्हणालो, लिहा. आज खरे बोललो."

"लिवू का?" असं त्यांनी विचारलं होतं. हे हवालदारांनी पाशा चाचांना सांगितलं नसावं. नाहीतर तू गुरुवारी तेही बोलला असतास. म्हणून मी सांगतो. त्यांनी मला परत फिरायला वाट करून दिली होती. मी "नको" म्हटलं असतं तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं असतं, मी सही केली असती, आणि आपण दोघं स्टॅंडवर जाऊन भजी खाल्ली असती. मी म्हणालो, लिहा.

शेख आडनाव, हैदराबाद गाव, आणि साल २००२. त्या उन्हाळ्यात पेपरात रोज काय येत होतं ते आपण दोघं एकत्र वाचत होतो. असा कागद वर गेल्यावर त्याचं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं मी आजवर म्हणत आलो. मी बीएस्सीला पहिला आलेला मुलगा होतो. मला कळत होतं.

आता वहीत नऊ पानं मागे जातो. २ जून. तिथं एवढंच आहे: "जर्मनीहून पत्र आले. नाही म्हणतात."

मलाही उत्तर आलं होतं, आतिफ. एका परिच्छेदाचं. गणिताचे विषय पुरेसे नाहीत, असं काहीतरी. ते मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. तू रोज विचारायचास, "तुजं आलं का बे?" आणि मी म्हणायचो, "अजून नाही." ते आजतागायत "अजून नाही"च आहे. मग मी वडिलांचं नाव पुढं केलं, की दादा जाऊ देत नाहीत. दादांना मी विचारलंच नव्हतं. ते बिचारे मोंढ्यात सांगत फिरायचे, आमचा परमेश्वर इमानात बसून जाणार म्हणून. ते गेले तोपर्यंत गल्लीत सगळे समजत होते की रामहरीनंच पोराला अडवलं. तूही तेच समजत होतास. मेलेल्या माणसावर मी एवढं ढकलून ठेवलं आणि दर वर्षी त्यांचं श्राद्ध बिनचूक घातलं.

नऊ दिवस मी हे पोटात घेऊन तुझ्याबरोबर आकडे म्हणत होतो. दहाव्या दिवशी खरं बोललो. ते खरं होतं, म्हणूनच मला ते वापरता आलं. खोटं बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. तुझ्याविरुद्ध खोटी साक्ष मी कधीच दिली नसती, हे मला ठाऊक आहे. माझ्यासारख्याला वाईट करायचं असलं तर आधी काहीतरी खरं सापडावं लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी करिष्माला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. २ जूनसकट. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे आतिफ चाचांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं ती माझ्याबद्दल काही बोलेल.

"माझ्या अर्जातही पुण्याचा पत्ता नाही, बाबा. मलाही तेव्हा खटकलं होतं. तुमच्यासारखंच." ती उठली, जिन्यापाशी गेली. "मी ठाण्यात जाऊन सांगते. पत्ता राहिला म्हणते. पासपोर्ट उशिरा आला तर येऊ दे."

"खाली बस. कुठंही जायचं नाही."

"पण खरं तेच आहे ना?"

"खरं असलं म्हणून काय झालं? तुला कुणी विचारलंय? चाचांनी सही केलीये त्याच्यावर. त्यांना बोलावून घेतील. त्यांचं दुकान या अर्जांवरच चालतं. गप्प बसायचं."

मी हे सगळं एका दमात बोललो. एक शब्दही शोधावा लागला नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली नाही. वर्गात शंका विचारावी तसं विचारलं, "मग तेव्हा तुम्हाला हे का नाही सुचलं?"

आतिफ, मी तेवीस वर्षं स्वतःला सांगत आलो की तो माझा स्वभाव आहे. मी असाच आहे, मला वाकडं बोलता येत नाही, त्यात तू सापडलास हे दुर्दैव. स्वतःच्या मुलीची गोष्ट आली, तेव्हा तो स्वभाव एक मिनिटही टिकला नाही. गप्प बसणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. ते खोडलं आहे. माहीत होतं.

ती ठाण्यात गेली नाही. पण ती माझं ऐकून थांबली नाही. ती तुझ्याकडं आली होती; तू तिला काय म्हणालास ते तिनं मला सांगितलं नाही. परत आली ती डोळे धुऊन. काल दुपारी भारतनं पासपोर्ट आणून दिला. मी सहीसाठी पेन शोधत होतो, तोवर तिनं सही करून पाकीट घेतलं होतं. उघडलं नाही. तशीच चपला घालून चार घरं सोडून गेली आणि तुमच्या ओट्यावर, अजमत चाचींच्या शेजारी बसून, तुझ्यासमोर फाडलं. मी खिडकीतून पाहिलं. तू तो हातात घेतलास आणि बराच वेळ शेवटचं पान बघत होतास. पत्ता असतो त्या पानावर.

जर्मनीच ठरलं आहे. पहिल्या पत्रात मी तुला आयर्लंड सुचवायला सांगितलं होतं आणि भाषेचं कारण दिलं होतं. तेही खोटं होतं. ज्या देशानं मला नाही म्हटलं आणि तुला हो म्हटलं, तिथं तुझे आकडे घेऊन माझी मुलगी जावी, हे मला सोसत नव्हतं. अजून सोसत नाही. हे लिहिल्यानं मी चांगला होत नाही, फक्त रोजनिशी पुरी होते.

ती तिकडंच राहील. परत येणार नाही, हे मी धरून चाललो आहे. तिला इथं परत बोलवायला माझ्याकडं काय आहे, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी तुझं जर्मन आणि तुझा ओटा आठवला. म्हणजे तेही तुझंच.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यामुळं तुला आधीच बरंच काही करावं लागलं आहे. उत्तर नको. या पत्राची झेरॉक्सही नको, मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

११ जून २००२ रोजी एका कागदावर सही करायची राहिली होती. तो कागद कुठं मिळणार नाही. मजकूर मला पाठ आहे. आज यातलं एक अक्षरही कुणाला खोटं ठरवता येणार नाही, कारण ते मीच खरं करून ठेवलं आहे. तो असा:

मी, परमेश्वर रामहरी चाळक, राहणार गेवराई, लिहून देतो की आतिफ पाशा शेख यास मी लहानपणापासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे. तो इथंच राहतो.

साक्षीदार,
परमेश्वर